दार शेवटी कोणी लावलं?

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी हिवरा आश्रमचा. मेहकर तालुक्यातलं हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल, ते विवेकानंद जन्मोत्सवाच्या निमित्तानं. पौष महिन्यात लाखो माणसं शेतात पंगतीला बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुऱ्या अन् वांग्याची भाजी फिरते. त्या दिवशी आमच्या घराला कुलूप नसतं. कुणाची पिशवी ओसरीवर, कुणाचं लेकरू आतल्या खोलीत झोपलेलं. एरवीही बाहेर जाताना कडी घालायची आणि शेजारच्या काकूंना ‘जरा लक्ष असू द्या’ म्हणायचं, एवढाच आमचा बंदोबस्त. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण कुलपाचा धडा मला गावात कधी लागला नाही. तो मी परदेशात जाऊन शिकलो, आणि तोही स्वतःच्या चुकीनं.

माझी मुलगी आणि जावई इंग्लंडात लेस्टर शहरात राहतात. २०१८च्या दिवाळीला आम्ही दोघं तिच्याकडे होतो. लेस्टरची दिवाळी मोठी. बेलग्रेव्ह रोडवर दिव्यांची रोषणाई असते, गुजराती मंडळींची सोन्याची, साड्यांची, मिठाईची दुकानं रांगेनं. आमच्या सौभाग्यवतींना तर आपण मेहकरच्या बाजारातच आलो आहोत असं वाटलं. मुलीनं दारात रांगोळी काढली, तोरण लावलं, आकाशकंदील टांगला.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मराठी मंडळींचा फराळाचा कार्यक्रम होता. दुपारी चारला निघालो, रात्री साडेनऊला परतलो. पुढचं दार व्यवस्थित बंद होतं. आत दिवाणखान्यात टीव्ही जागेवर, लॅपटॉप जागेवर. वरच्या झोपायच्या खोलीत मात्र कपाटाचे खण पलंगावर उपडे केलेले. माझ्या आईची एकदाणी, पाटल्या, आणि लग्नात मुलीला घातलेला गोफ, सगळं गेलं होतं. चोरांनी दुसऱ्या कशालाही हात लावला नव्हता.

रात्री एक पोलीस शिपाई आला. तरुण, अतिशय सभ्य. सगळं पाहून त्यानं विचारलं, “मागचं दार शेवटी कोणी लावलं?” त्याचे उच्चार मला नीट कळत नव्हते, पण एवढा प्रश्न कळला. ते दार मी लावलं होतं. तुळशीला पाणी घालायला मागच्या बागेत गेलो आणि येताना दार ओढून घेतलं. खट्ट आवाज झाला, मला वाटलं लागलं.

ते लागलेलं नव्हतं. त्या देशातल्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या दारांची गंमत अशी, की दार ओढलं की नुसता खटका बसतो. मूठ वर उचलायची, म्हणजे दाराच्या उंचीभर असलेले आकडे चौकटीत शिरतात, आणि मग किल्ली फिरवायची, तेव्हा ते तिथे अडकून राहतात. नुसत्या खटक्यावरचं दार बाहेरून उघडणं जाणकार चोराला काहीच अवघड नाही. मुलगी हे रोज करत होती. आम्हाला सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही, आणि विचारायचं आमच्या.

मंडळी, आपल्याकडून पुष्कळ आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे जातात. आपण तिथे गॅस कसा पेटवायचा, कपडे धुण्याचं यंत्र कसं लावायचं, हे सगळं शिकून घेतो. माझी विनंती आहे, पहिल्याच दिवशी मुलाला म्हणा, बाबा रे, घरातली सगळी दारं मला लावून दाखव, आणि मग माझ्याकडून लावून घे.

आता दुसरा प्रश्न. चोरांना कळलं कसं, की या घरात सोनं आहे? त्यासाठी हेर लागत नाही. दारातलं तोरण, रांगोळी आणि बाहेर काढून ठेवलेल्या आठ जोडी चपला पाहिल्या, की घर भारतीय माणसाचं हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. भारतीय घरात सोनं असतं, हे तिथल्या चोरांना आपल्या सोनारांइतकंच ठाऊक आहे. आणि दिवाळीत ते लॉकरमधून घरी आलेलं असतं, हेही. बीबीसीनं २०१९मध्ये ब्रिटनमधल्या पोलीस दलांकडून आकडे मागवले होते. पाच वर्षांत अशा सुमारे २८ हजार चोऱ्या आणि गेलेला माल जवळजवळ १४ कोटी पौंडांचा. तिथले पोलीस या मालाला ‘एशियन गोल्ड’ असंच म्हणतात. आपलं सोनं बावीस कॅरेटचं, तिथल्या दागिन्यांपेक्षा पुष्कळ शुद्ध. वितळवलं की त्याचा मागही राहत नाही. अमेरिकेत तर २०११ ते २०१४ या काळात एका टोळीनं भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबांच्या घरांच्या याद्याच बनवल्या होत्या, आणि वेगवेगळ्या राज्यांत हत्यारं घेऊन, घरात माणसं असताना दरोडे घातले. टोळीची म्होरकी एक बाई होती. तिला २०१९मध्ये ३७ वर्षांची कैद झाली.

मग तोरण लावू नये का? माझ्या जावयाचं मत होतं, लावू नये. मला ते पटलं नाही. तोरण लावा, सोनं मात्र घरात ठेवू नका. पण ‘लॉकरमध्ये ठेवा’ म्हणणं सोपं आहे. ब्रिटनमधल्या कित्येक मोठ्या बँकांनी लॉकरची सोय नव्या ग्राहकांना बंद केली आहे. खासगी तिजोऱ्या भाड्यानं मिळतात. त्याही अभेद्य असतात असं नाही. २०१५च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डनमधली अशीच तिजोरी चोरांनी काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडून फोडली होती, आणि त्या टोळीतले बरेचसे चोर माझ्या वयाचे होते! तरीसुद्धा कपाटातल्या साड्यांच्या घडीपेक्षा तिजोरी बरी. त्याहून बरं म्हणजे, जे रोज वापरायचं नाही ते परदेशी न्यायचंच नाही. आमच्या घरची उरलेली नथ आता मेहकरच्या बँकेत आहे.

विम्याचंही सांगतो, कारण तिथे आम्ही दुसऱ्यांदा ठेचकाळलो. घराचा विमा होता. पण विमा कंपनीनं दोन गोष्टी विचारल्या. पहिली, दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो. आईची एकदाणी घडवली तेव्हा सोनारानं एका चिठ्ठीवर तोळे-मासे लिहून दिले होते. ती चिठ्ठीही कुठे गेली कोण जाणे! लग्नातले फोटो मोठे करून पाठवले. दुसरी गोष्ट, दार फोडल्याच्या खुणा. त्या नव्हत्याच, कारण दार फोडावं लागलं नव्हतं. शेवटी थोडीशी रक्कम मिळाली. तिथल्या पॉलिसीत दागिन्यांना एकूण मर्यादा असते, एकेका वस्तूलाही असते आणि त्यावरची मौल्यवान वस्तू नाव घालून वेगळी नोंदवावी लागते. हे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. आम्ही ते चोरीनंतर वाचलं. तेव्हा जे दागिने सोबत असतील त्यांचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत इकडे गावी पाठवा.

त्या पोलीस शिपायानं आणखी काही गोष्टी सांगितल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात. त्यानंतर साडेचार-पाचलाच अंधार पडतो. माणसं कामावर असतात, आणि ज्या घरात दिवा नाही ते घर रिकामं, हे गल्लीतून चालतानाच समजतं. वेळ लावून आपोआप पेटणारा दिवा मिळतो, स्वस्त असतो. दाराला पत्रं टाकायची फट असते, तिच्यातून आकडी घालून आतल्या टेबलावरची गाडीची किल्ली ओढून काढतात. म्हणून किल्ल्या दाराजवळ ठेवायच्या नाहीत. आणि ‘आम्ही सगळे कार्यक्रमाला’ असा फोटो कार्यक्रम चालू असताना जगाला दाखवायचा नाही. आमचा दाखवला गेला होता. चोरांनी तो पाहिला की नाही, देव जाणे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी. मुलगी त्या घरात चार वर्षं राहत होती. या बाईंशी तिचं बोलणं ‘हॅलो’पलीकडे गेलेलं नव्हतं. चोरीच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून आल्या. म्हणाल्या, “संध्याकाळी दोन माणसं तुमच्या मागच्या कुंपणापाशी दिसली होती. मला वाटलं, तुमचे पाहुणेच असतील. तुमच्याकडे सणाला बरेच लोक येतात ना!” हे ऐकून मी गप्पच झालो. त्यांचं लक्ष होतं, पण आमचं माणूस कोण आणि परका कोण, हे त्यांना आम्ही कधी कळूच दिलं नव्हतं. हिवऱ्याच्या काकूंनी अशा दोघांना हटकून नाव, गाव, सोयरीक सगळं विचारलं असतं.

हे काम तिकडेही होतं. इंग्लंडात चेशायरमधल्या मोलिंग्टन या खेड्यात १९८२मध्ये ‘नेबरहूड वॉच’ची सुरुवात झाली. म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरावर लक्ष ठेवायचं आणि संशय आला तर पोलिसांना कळवायचं. आपल्याकडे जे न सांगता होतं, त्याची त्यांनी रीतसर व्यवस्था केली. आम्ही त्या बाईंना चकल्या नेऊन दिल्या. आज मुलीच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. संशय आला तर फोन कुठे करायचा, हेही आता घरात सगळ्यांना पाठ आहे. समोर गुन्हा घडत असेल किंवा जिवाला धोका असेल तर ९९९, बाकी तक्रारीला १०१.

एक छोटी गोष्ट फोनचीच. ‘तुमच्या मुलाला परदेशात अटक झाली आहे, ताबडतोब पैसे भरा’ असे फोन आता आईवडिलांना येतात. आजकाल तर मुलाचा आवाजही हुबेहूब काढतात. आमच्या घरात यावर एक खुणेचा शब्द ठरलेला आहे. आमच्याकडे पूर्वी एक बैल होता, त्याचं नाव. ते नाव मी रेडिओवर सांगणार नाही!

आतापर्यंत मी चोरांबद्दल बोललो. पण आमच्या भागातून परदेशी जाणारे सगळेच काही लेस्टरला बंगल्यात राहत नाहीत. माझा एक विद्यार्थी कुवैतला फरवानियात एसी दुरुस्तीचं काम करतो. एका खोलीत सहा जण. त्याच्याकडे चोरण्यासारखं काही नाही. १२ जून २०२४ रोजी पहाटे कुवैतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. तळमजल्यावर पेटली आणि धूर जिन्यानं वर चढला. माणसं झोपेत होती. ४५ भारतीय त्यात गेले, बरेचसे गुदमरून. दोन दिवसांनी हवाई दलाच्या विमानानं त्यांचे देह कोचीला आणले. बातमी आली त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याची आई माझ्या ओसरीवर येऊन बसली होती. त्याचा फोन लागत नव्हता. फरवानिया वेगळं, मंगफ वेगळं, हे मी तिला नकाशा काढून समजावत होतो, पण तिचं लक्ष माझ्या फोनकडे होतं. दुपारी तीनला तो बोलला. ड्यूटीवर होता.

नंतर मी त्याला त्याच्या इमारतीबद्दल विचारलं. लेस्टरच्या शिपायानं मला विचारलं होतं तसंच, एकेक दार. तो म्हणाला, “सर, खाली एकच दार आहे. जिन्यात सायकली, गाद्या आणि रिकामी सिलिंडरं. गच्चीच्या दाराला कुलूप.” कुलूप कशाला? “चोर येऊ नयेत म्हणून.”

अशा ठिकाणी राहणाऱ्या पोरांना चार गोष्टी ठाऊक हव्यात. आग लागली तर लिफ्ट नाही. धूर वर जातो, म्हणून खाली वाकून, ओल्या कपड्यानं नाक-तोंड झाकून निघायचं. जिना धुरानं भरला असेल तर खोलीत परत फिरून दार लावायचं, फटीत ओले कपडे कोंबायचे आणि खिडकीतून हाका मारायच्या. एका खटक्यावर चार शेगड्या आणि सहा मोबाईल लावायचे नाहीत. कुवैतमध्ये मदतीचा नंबर ११२, आपल्याकडे आहे तोच.

आणि कागद. पासपोर्टच्या, करारपत्राच्या आणि तिथल्या ओळखपत्राच्या प्रती गावी आईजवळ असाव्यात. मालकानं पासपोर्ट अडवून ठेवणं कुवैतमध्येही नियमाविरुद्ध आहे. अडचण आली तर दूतावासाकडे, किंवा इथून घरच्यांनाही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ते २०१५पासून चालू आहे. दहावी न झालेली जी मुलं सरकारी परवानगी घेऊन आखातात जातात, त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. पोरगं गेलं, पण विम्याचा कागद कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

माझ्या विद्यार्थ्यानं पुढं काय केलं ते सांगतो. तिकडे इमारतीच्या राखणदाराला हारिस म्हणतात. हा त्याच्याकडे तीनदा गेला. हारिस म्हणे, मालकाला विचारतो. मंगफच्या आगीनंतर कुवैत सरकारनं इमारतींच्या तपासण्या सुरू केल्या होत्या, त्याचाही उपयोग झाला असावा. ऑगस्टमध्ये एका रात्री मोबाईलवर फोटो आला. गच्चीचं दार उघडं, आतून ढकललं की उघडणारी दांडी बसवलेली, आणि दारात हा उभा. त्याच्या आईला दाखवायला मी तो फोटो घेऊन तसाच तिच्या घरी गेलो. दाराला नुसती कडी होती, आणि ती शेतात गेलेली होती.