नाताळचे झाड

मुलांनो, वर्ध्याहून रेल्वेने चंद्रपूरला जाताना वाटेत माजरी जंक्शन लागते. माजरी हे कोळशाच्या खाणींचे गाव. या जिल्ह्यातील रानांत साग पुष्कळ आहे. साग पाने कधी गाळतो, हे तुम्ही पाहिले आहे का? उन्हाळ्याच्या तोंडावर! तेव्हा जमिनीतील पाणी कमी होते. पानांतून पाणी हवेत उडून जाते. म्हणून पाने टाकून झाड पाणी वाचवते.

जर्मनीत पाने गळतात ती हिवाळ्याआधी. तेथे कडाक्याच्या थंडीत जमिनीतील पाणी गोठते आणि मुळांना ते मिळत नाही. त्यामुळे बहुतेक झाडे उघडीबोडकी दिसतात. फरचे झाड मात्र हिरवेगार राहते. त्याची पाने सुईसारखी बारीक असतात. त्यांवर मेणासारखा थर असतो, म्हणून पाणी फारसे उडत नाही. बर्फाच्या दिवसांत असे हिरवे झाड पाहून लोकांना धीर वाटे.

२५ डिसेंबरला ख्रिस्ती लोक येशू ख्रिस्तांचा जन्मदिवस साजरा करतात. तुम्ही त्यांना हजरत ईसा म्हणता. पूर्वी जर्मनीत २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस मानत. त्यांच्या कथेच्या नाटकात सफरचंदे टांगलेले झाड असे. हेच झाड पुढे घरात आले, असे अनेक अभ्यासक मानतात. स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ सालच्या एका नोंदीत, घरात फरचे झाड उभारून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदे व मिठाई लावल्याचे वर्णन आहे.

इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट जर्मन होते. १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात त्यांच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र छापले गेले आणि ही प्रथा फार लोकप्रिय झाली. तेव्हा झाडावर मेणबत्त्या लावत. त्यामुळे आग लागण्याची भीती असे. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी झाडावर विजेचे ८० दिवे लावले.

महाराष्ट्राच्या उष्ण हवेत फर वाढत नाही. म्हणून कोणी कुंडीतला अरोकेरिया सजवतात, तर कोणी सुरूची फांदी. झाड बदलले, तरी आनंद तोच!

आता पुन्हा माजरीकडे वळू. येथील कोळसा २५ कोटी वर्षांहूनही जुन्या वनस्पतींपासून बनला आहे. त्यांतील अनेक झाडांचे बी फरप्रमाणेच फळात झाकलेले नसे. आपल्या राज्यातील बरीच वीज कोळशापासूनच तयार होते. म्हणजे नाताळच्या झाडावर दिवे लागतात, तेव्हा एका प्राचीन रानाचा कोळसा कोठेतरी जळत असतो. तो बनायला कोट्यवधी वर्षे लागली; जळायला काही क्षण पुरतात. म्हणून सण कोणताही असो, दिवे हौसेने लावा. पण काम संपताच आठवणीने बंद करा.