मुलगी कोणाची?

मे २०१८ मध्ये बीडच्या जिल्हा रुग्णालयात एक महिला बाळंत झाली. बाळाचे वजन कमी होते, म्हणून त्याला शहरातल्या खासगी दवाखान्यात हलवले. जिल्हा रुग्णालयाच्या नोंदीत लिहिले होते, 'मुलगा'. काही दिवसांनी आई-वडिलांच्या हाती दिली ती मुलगी. बाळ बदलले, असे म्हणत त्यांनी तिला घ्यायला नकार दिला. प्रकरण पोलिसांत गेले, डीएनए तपासणी झाली आणि अहवाल आला : मुलगी त्यांचीच. चूक नोंदीत होती.

आमच्या लिंबागणेशकडचे अवघड बाळंतपणही बीडलाच जाते, त्यामुळे अशी बातमी इथे परकी वाटत नाही. त्या आई-वडिलांना आम्ही दोष देत नाही. सरकारी कागदावर मुलगा लिहिलेला असताना संशय येणारच. पण नोंद 'मुलगी' असती आणि हाती मुलगा आला असता, तर कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढले असते का? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७, राज्यात सर्वांत कमी. हा आकडा ठाऊक असणाऱ्याला उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

आता ही तपासणी होते कशी, ते पाहू. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. या गुणसूत्रांवर ठरावीक जागी डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, कोणात ९ वेळा, कोणात १४ वेळा. समजा, एका जागी आईचे आकडे १२ आणि १५ आहेत, वडिलांचे ९ आणि १४. मग बाळाचा एक आकडा आईच्या दोनपैकी आणि दुसरा वडिलांच्या दोनपैकी हवा. १२ आणि ९ आले तर ठीक. १२ आणि १५ आले तर त्यात वडिलांचे काहीच नाही. अशा पंधरा-वीस जागा तपासतात. एखादा आकडा निसर्गतः बदललेला असू शकतो, म्हणून एका जागेवरून निकाल देत नाहीत. अनेक जागी मेळ बसला नाही तर मात्र नाते नाकारले जाते. सगळीकडे बसला, तर प्रयोगशाळा ९९.९९ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता, अशा भाषेत लिहिते.

यासाठी रक्तच काढावे लागते असे नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली तरी पुरते. करोनात घरोघरी माहीत झालेली पीसीआर पद्धत इथेही वापरतात. डीएनएच्या त्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढायच्या आणि यंत्राने त्यांची लांबी मोजायची.

वडील हयात नसतील तर? मुलाचे 'वाय' गुणसूत्र वडिलांकडून येते, तेच दादांचे आणि चाचांचे असते. आईकडून येणारा एक वेगळा डीएनए नानी, खाला आणि मामूंशी जुळतो. विशेष म्हणजे या शास्त्राचा पहिलाच उपयोग गुन्हेगार पकडायला नव्हे, तर आई-मुलाची ताटातूट थांबवायला झाला. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी घानाहून ब्रिटनला परतलेल्या एका मुलाला देशात घ्यायचे की नाही, असा वाद उभा राहिला. वडिलांचा नमुना नसताना, आई आणि भावंडांच्या डीएनएवरून तो तिचाच मुलगा असल्याचे दिसले आणि त्याला राहू दिले.

नमुना कोणाचा, हे सिद्ध झाले नाही तर अहवालाला कोर्टात किंमत नाही. म्हणून ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदारांच्या सह्या आणि सीलबंद पाकीट लागते. घरच्या घरी काडी फिरवून पाठवलेल्या नमुन्यावर खटला उभा राहत नाही.

संशय आला की करा तपासणी, असेही कायदा म्हणत नाही. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानायचे, हा नियम पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. पती-पत्नीची त्या काळात भेटच शक्य नव्हती, हे दाखवता आले तर गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या खटल्यात तपासणी आधीच झालेली होती आणि निकाल पतीच्या बाजूने होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अहवाल मानला. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याच्या वादात त्याच न्यायालयाने मुलाची तपासणी करायला नकार दिला. भांडण मोठ्यांचे असताना मुलाच्या जन्मावर डाग कशाला, हा त्यामागचा विचार आम्हाला पटतो.

आपल्याकडे नसबचा प्रश्न नाजूक. निकाहात जन्मलेले मूल पतीचे, हा शरीअतचाही जुना नियम आहे. मक्केत जानेवारी २००२ मध्ये राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेने डीएनएवर ठराव केला. शरीअतने मान्य केलेला नसब तोडण्यासाठी ही तपासणी वापरू नये आणि लिआनच्या जागी ती आणू नये, असे उलेमांनी ठरवले. मात्र रुग्णालयात बाळांची सरमिसळ झाली, किंवा अपघात, आपत्ती, युद्धात मुले हरवली आणि घरचे ओळखू येईनात, तर तिचा आधार घ्यायला त्यांनी परवानगी दिली.