आवाज अडतो कुठे?

रविवारची जेवणे आटोपून दुपारचे दोन वाजले, की आमचे नाना धुतलेला सदरा घालून लॅपटॉपपुढे बसतात. जर्मनीत तेव्हा सकाळ असते. पडद्यावर नात येते, हात हलवते, काहीतरी भराभर सांगू लागते. नाना आधी कान पुढे करतात, मग सगळे अंगच पुढे करतात आणि शेवटी वैतागून म्हणतात, "हे यंत्र नुसतं पुटपुटतं रे!"

आवाजाची पट्टी तर शंभरावर होती. दुरुस्तीवाल्याने स्पीकर बदलायचा सल्ला दिला, धाकट्या भावाने लॅपटॉपच बदलायचा. दोन्हींपैकी काहीही करण्याआधी आवाज नक्की अडतो कुठे, ते तर पाहू, असे मी ठरवले.

नानांचा वैताग अगदीच अनाठायी नव्हता. त्यांचे तरुणपण लाकडी पेटीच्या रेडिओसमोर गेलेले. त्या पेटीत बशीएवढा कागदी पडदा असायचा आणि पेटी स्वतःही आवाजाला साथ द्यायची. आवाज म्हणजे अखेर हवेची हालचाल. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटलेला पडदा, हा आजच्या स्पीकरचा घाट अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. वेटोळ्यातली वीज मागेपुढे झाली, की पडदा मागेपुढे होतो आणि हवा ढकलतो. शंभर वर्षांत हे तत्त्व बदललेले नाही. आकार मात्र बदलला. वहीएवढ्या जाडीच्या लॅपटॉपमध्ये पडदा चिमुकला आणि त्याला हलायला जागाही जेमतेम. खर्जाचा आवाज काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते आणि तेच या पडद्याला जमत नाही. म्हणून लॅपटॉपवर गाणे लावले, की तबल्याची चाट ऐकू येते, पण डग्गा कुठे गेला ते कळत नाही.

मग वीज वाढवावी? तिथेही गंमत आहे. कानाला आवाज दुप्पट वाटायला वीज सुमारे दहापट द्यावी लागते. दोन-तीन वॅटच्या स्पीकरकडून ही अपेक्षा करणे म्हणजे सायकलला ट्रक ओढायला लावणे.

पण यंत्राची मर्यादा वेगळी आणि यंत्राची अडवणूक वेगळी. इमारतीत पाणी कमी आले, की आपण आधी गच्चीवरच्या टाकीची चावी पाहतो, मग मजल्यावरची, मग न्हाणीघरातला नळ. यातली एक जरी अर्धवट बंद असली, तरी बाकीच्या पुऱ्या उघडून उपयोग नसतो. लॅपटॉपमध्येही आवाजाच्या अशा चार-पाच चाव्या असतात. आपण फिरवतो ती त्यांतली एकच.

सर्वांत सोपी चावी यंत्राच्या बाहेरच सापडली. बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात आणि नाना तो मांडीवरच्या उशीवर ठेवून बसत. म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावरच उशी! कडक टेबलावर ठेवताच आवाज मोकळा झाला. जाळीत साचलेली धूळ कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडली. तिथे टाचणी किंवा ओले फडके मात्र लावू नये.

दुसरी चावी विंडोजच्या पोटात. पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबले, की 'व्हॉल्यूम मिक्सर' सापडतो. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी वेगळी असते. आमच्याकडे मुख्य पट्टी शंभरावर आणि बोलण्याच्या प्रोग्रॅमची चाळिसावर! कुणाचा तरी हात कधी लागला असावा. आवाज जातो कुठे, तेही तिथेच पाहावे. शेजारच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकर जोडलेला राहिला, तर बोलणे तिकडे होते आणि आपण इकडे वाट पाहत बसतो.

तिसरी चावी फार थोड्यांना ठाऊक असते. संभाषण चालू आहे असे विंडोजला वाटले, की ते बाकीचे आवाज आपणहून ८० टक्क्यांनी खाली आणते. फोनवर बोलताना घरातला रेडिओ बारीक करावा, तशी ही सोय. पण एखादा प्रोग्रॅम मागे उघडा राहिला, तर गाणी, बातम्या सारेच मलूल वाटू लागते. साउंडच्या चौकटीतल्या 'कम्युनिकेशन्स' या पानावर 'डू नथिंग' निवडले, की हा आगाऊपणा थांबतो. काही लॅपटॉपमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' अशीही सोय असते. ती हळू आवाज वर उचलते आणि मोठा आवरते. बोलणे ऐकायला ती उपयोगी, गाणे ऐकायला तितकी नाही. शंभराच्या वर आवाज नेणारे प्रोग्रॅमही आहेत, पण त्यात आवाज फाटतो आणि चिमुकल्या पडद्यावर ताण येतो. त्यापेक्षा बाहेरून जोडायचा साधा स्पीकर बरा. आणि एकाच माणसाचा आवाज बारीक येत असेल, तर दोष बहुधा त्याच्या टोकाला असतो. त्याला माइकजवळ सरकायला सांगावे.

हे सारे झाल्यावर पुढच्या रविवारी आवाज घरभर घुमला. नात म्हणाली, "आजोबा, मी आता सात वर्षांची झाले!" नानांनी काळजीने विचारले, "हाताला काय झालं गं?"

आम्ही हसलो. नात हसली नाही. तिने आईकडे पाहिले.

त्याच यंत्रावर, त्याच खोलीत आम्हा सर्वांना नीट ऐकू येत होते. उरलेली चावी लॅपटॉपमध्ये नव्हतीच. वय वाढते तसे आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी झिजतात. आधी झिजतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्याचा भरणा स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र व्यंजनांवर तोललेला असतो, आणि स, श, फ ही व्यंजने उंच पट्टीतली. म्हणून वडीलधारी मंडळी म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." तेव्हा आपण आवाज चढवतो. त्याने स्वर मोठे होतात, 'सात'चा 'स' मात्र हरवलेलाच राहतो. मग ते म्हणतात, "ओरडू नकोस!" दोघेही दुखावतात आणि हळूहळू बोलणेच कमी होते.

नाना कानाच्या डॉक्टरांकडे जायला महिनाभर तयार नव्हते. चष्मा मिरवणारा माणूस कानातले यंत्र म्हटले की चिडतो. खरे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात दर पाच माणसांमागे एकाला कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते. कधी कारण नुसता साचलेला मळ असतो, कधी मोजणी करून यंत्र लावावे लागते. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते. अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

नानांच्या कानात आता शेंगदाण्याएवढे यंत्र आहे. पहिल्या दिवशी पंख्याच्या घरघरीने आणि भांड्यांच्या आवाजाने ते हैराण झाले. सवय व्हायला काही आठवडे गेले. परवा रविवारी नातीने आपल्या मैत्रिणींची नावे सांगितली, आणि नानांनी ती एकही न चुकता परत म्हणून दाखवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज जरा कमी कर. कानठळ्या बसतात."

पट्टी साठावर आणली. आता ती तिथेच असते.