फ्लूचा विषाणू ओळखू का येत नाही?

गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मात पुन्हा येत नाही. फ्लू मात्र पुनःपुन्हा येतो. असे का? 'फ्लूची प्रतिकारशक्ती टिकत नाही' असे उत्तर वर्गात हमखास मिळते. ते कितपत खरे आहे, ते पाहू.

फ्लूच्या विषाणूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच याच्या चौपट ते सातपट. म्हणून आपल्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसायचा नाही. त्याच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. हिमॅग्लुटिनिन नावाच्या काट्याने तो श्वसनमार्गातील पेशींना चिकटतो. आपले शरीर हे काटे ओळखून त्यांना जखडणारी प्रतिपिंडे तयार करते. कुलपाला किल्ली बसावी तसे प्रतिपिंड काट्याला बसते. काट्याचा आकार थोडा बदलला, की किल्ली लागत नाही.

आकार बदलतो कसा? विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनएच्या रेणूंवर असते. तिची नक्कल करणारे विकर चुका तपासत नाही. बहुतेक चुकांनी विषाणूच निकामी होतो. पण एखाद्या चुकीने काटा बदलतो आणि तोच विषाणू प्रतिपिंडांतून निसटतो. यात विषाणूची हुशारी काही नाही, बरे का! शिवाय हा आरएनए आठ तुकड्यांत असतो. माणसाचा आणि पक्ष्याचा असे दोन फ्लू-विषाणू एकाच पेशीत शिरले, तर तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. १९५७ व १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू असेच निर्माण झाले.

२००९ साली डुकरांकडून आलेल्या फ्लूची साथ पसरली. पुण्यातील शाळा तेव्हा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या साथीत साठीपुढच्या माणसांना लागण तुलनेने कमी झाली! कारण त्या विषाणूचा काटा १९१८ च्या विषाणूच्या काट्याचाच वंशज होता, आणि डुकरांमध्ये तो फारसा बदलला नव्हता. १९५७ पूर्वी, बालपणी ज्यांना त्याच्या भाऊबंदांनी गाठले होते, त्यांच्या शरीराला पन्नास वर्षांनंतरही ओळख होती. म्हणजे प्रतिकारशक्ती टिकते. बदलतो तो विषाणू.

मग गोवराचे काय? तोही आरएनएचाच विषाणू, त्याच्याही नकलांत चुका होतात. पण त्याच्या काट्याचे जे भाग पेशीला चिकटण्यास लागतात, त्यांनाच बरीच प्रतिपिंडे पकडतात. ते बदलले तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. त्यामुळे १९५४ साली मिळवलेल्या विषाणूपासून तयार केलेली गोवराची लस आजही चालते. फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे मात्र जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा ठरवावे लागते.