अनंताची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या

आजचा भाग एका कुंडीबद्दल आहे.

रत्नागिरीच्या मावशीनं मला अनंताचं रोप दिलं होतं. तिच्या अंगणात त्याचं मोठं झुडूप आहे, बारा महिने हिरवंगार. मी रोप धाडला आणलं, शेतातली काळी माती कुंडीत भरली, बोअरचं पाणी घालत राहिलो. काही महिन्यांत नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. वाटलं, उपाशी असेल. युरिया टाकला, पाणी वाढवलं. रोप गेलं.

घाबरत फोन केला, तर मावशी म्हणाली, "अरे, गेलं ते गेलं. पण का गेलं, ते बघितलंस का?"

खरंय. दिवसभर कोडमधल्या एरर वाचणारा मी, झाडानं दिलेली एरर वाचलीच नव्हती. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे बहुतेक वेळा लोहाची कमतरता. झाडाला जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे सहसा नेता येत नाही. नत्र कमी पडलं तर उलट होतं, खालची पानं आधी पिवळी पडतात.

गंमत म्हणजे काळ्या मातीत लोह असतंच. अडचण सामूची, म्हणजे पीएचची. अनंताला सामू साधारण ५ ते ६.५ लागतो, आपल्या काळ्या मातीचा बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तिथं लोह विरघळतच नाही. डेटा आहे, पण ॲक्सेस नाही! कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून मावशीकडे काही न करता फुलतं. वर काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात.

घरच्या घरी तपासा: कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं, तर चुनखडी आहे. ती माती अनंताला नको.

आता दुसऱ्या रोपासाठी मी काय करतो? कुंडीत कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, थोडं शेणखत आणि जाड वाळू. तळाला भोकं मोकळी. पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो. आरओचं टाकाऊ पाणी अजिबात घालत नाही, त्यात क्षार जास्त असतात. कृषी केंद्रातून चिलेटेड लोह आणलंय. बोअरचं पाणी वापरत असाल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा, ते जास्त सामूतही टिकतं. सकाळचं ऊन, दुपारी सावली. कळ्या लागल्या की कुंडी हलवायची नाही, पाण्यात खंड पाडायचा नाही, नाहीतर कळ्या गळतात.

जुनी पिवळी पानं बघत बसू नका, फरक नव्या पानांत दिसतो. परवा माझ्या रोपाला दोन हिरवी पानं आली. फोटो आधी मावशीला पाठवला.

भेटू पुढच्या भागात!