कालव आणि कायद्यातील ‘मत्स्य’

लोकव्यवहारात कालव हा मासा नव्हे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने मात्र ‘मत्स्य’ या संज्ञेत कवचधारी जलचरांचा समावेश केला. त्यामुळे स्फोटके व विष यांविरुद्धचे त्यातील निर्बंध कालवांनाही लागू झाले. पुढे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ याने परवाना व नोंदणी यांचा आधार ‘नौका’ हा मानला. परंतु मढ-मनोरीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी पायी जाऊन कालवे फोडणाऱ्या कोळिणीपाशी नौका नसते. अर्थात तिचे कालव व्याख्येत सामावते, ती स्वतः परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. खाडीत भराव पडल्यास आपला व्यवसाय सिद्ध करण्यास परवान्याचा कागद तिच्या हाती नसतो. संज्ञेची व्याप्ती वाढली, तरी संरक्षणाची वाढतेच असे नाही.