कितीने बिलो भरलंस, दादा?

शुक्रवारी मालेगावात उतरलात तर आधी जाणवते ती शांतता. यंत्रमागांचा खडखडाट बंद! इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. मोसम पुलापासून रिक्षा करून कॅम्पात मावशीकडे पोचलो, तर दादा लॅपटॉपला चिकटलेला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. सिव्हिल इंजिनीअर, चार वर्षं पुण्यात बिल्डरच्या साईट सांभाळल्या आणि एक दिवस ‘स्वतःचं काहीतरी करतो’ म्हणत गावी परतला.

‘चहा घे. पाचला टेंडर बंद होतंय.’

आपणही ऑफिसात डेडलाईन डेडलाईन करतो, पण बॉसला मस्का मारून ती सोमवारवर ढकलता येते. महाटेंडर्सच्या पोर्टलला मस्का चालत नाही. पाच म्हणजे पाच. डिजिटल सहीचं टोकन चार पंचावन्नला रुसलं तर तुमचं काम गेलं!

काम छोटंच होतं. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत गटार आणि काँक्रीटचा रस्ता, अंदाजपत्रक २० लाखांचं. मला वाटलं, आता हा सिमेंट-खडीचे भाव टाकत बसेल. तर नाही. बी-वन प्रकारच्या निविदेत दरसूचीवरून रक्कम कार्यालयानेच काढलेली असते. आपण फक्त एक टक्केवारी भरायची, इतक्याने कमी किंवा इतक्याने जास्त. धंद्यातल्या भाषेत ‘बिलो’ आणि ‘अबव्ह’. सगळा खेळ त्या एका आकड्याचा.

तो आकडा शोधायला आम्ही बाईकवर गल्ली बघायला गेलो. किल्ल्यावरून आठवलं, हे गाव वाढलंच मुळी बांधकामाच्या कामावर. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास हा भुईकोट बांधायला घेतला. काम २५ वर्षं चाललं आणि सुरतेहून, उत्तरेतून आलेले कारागीर इथेच स्थायिक झाले, असं सांगतात. त्यांची बिलं वेळेवर निघाली का, हा दादाचा आवडता प्रश्न.

गल्लीत दादाने काय पाहिलं? काँक्रीटचा मोठा मिक्सर आत वळणार नाही, म्हणजे माल घमेल्याने वाहायचा. दोन्ही बाजूंना माग, दिवसभर सुताचे टेम्पो. रस्ता मोकळा मिळतो तो शुक्रवारी आणि नेमकी मजुरांचीही सुट्टी शुक्रवारीच! ‘हे अंदाजपत्रकात नसतं,’ दादा म्हणाला, ‘म्हणून घरी बसून बिलो टाकायचं नाही.’

पण आकड्याच्या आधी पहिला लिफाफा. त्यात नोंदणी, जीएसटी, ऐपतीचा दाखला, पूर्वी केलेल्या कामांची प्रमाणपत्रं. यातलं एखादं मुदत संपलेलं निघालं, तर दराचा लिफाफा उघडतच नाही. गेल्या वर्षी दादाचं एक काम असंच गेलं. आणि एक गैरसमज मीही घेऊन फिरत होतो, की उद्यम नोंदणी केली की बयाणा माफ. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणातली ती सवलत माल आणि सेवांसाठी आहे, बांधकाम कंत्राटांना ती सहसा धरत नाहीत.

मग नवख्याने अनुभव आणायचा कुठून? इथे महाराष्ट्राची एक जुनी सोय कामी येते. छोट्या कामांची वाटणी वर्षानुवर्षं ३३:३३:३४ अशी चालत आली. ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ मजूर सहकारी संस्थांना, उरलेली खुल्या कंत्राटदारांना. काम वाटप समितीत सोडत निघते. दादाचं पहिलं काम, शाळेची संरक्षक भिंत, असंच लागलं. ‘बेरोजगार’ हे बिरूद लावून मिळालेला पहिला रोजगार!

जेवताना मी विचारलं, ‘मग काम मिळालं की सुटलो ना?’ वहिनी हसली. दादा हसला नाही.

बिलातून आधी कपाती होतात. आयकराचा १ टक्का, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार कल्याणाचा उपकर १ टक्का, शिवाय सुरक्षा ठेव. वाळू-खडीच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तेही कापतात. करांचा हिशेब पुढे जुळतो, पण मजुरांना पगार आठवड्याला लागतो. जुलै २०२२ मध्ये सरकारी बांधकामावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, त्याचीही सोय करा. आणि मूळ बिल निधी आल्यावर! वहिनीच्या पाटल्या गेल्या वर्षीपासून बँकेत तारण आहेत, कारण एका कार्यालयाकडून एक बिल अजून यायचंय.

हे एकट्या दादाचं रडगाणं नाही. राज्यभरात सुमारे ९० हजार कोटींची बिलं थकल्याचा दावा कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये केला. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला. सरकारकडून उत्तर आलं, की त्याच्या नावावर बिलच थकलेलं नाही, तो उपकंत्राटदार असावा. ती बातमी आल्यापासून दादाने दुसऱ्याच्या नावावर काम घेणं बंद केलं. त्याआधी दोनदा केलं होतं, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. वहिनीलाही.

साडेचार वाजले. दादाने कागदावर १५ लिहिलं, खोडलं, १२ लिहिलं, तेही खोडलं. फार खाली गेलं तर वरून जादा अनामत भरावी लागते. शेवटी ८ बिलो. म्हणजे १८ लाख ४० हजार. सबमिट. चार एकेचाळीस.

‘मिळेल?’

‘माणूस शहाणा असेल तर याच्या खाली जाणार नाही.’

पुढच्या आठवड्यात दराचे लिफाफे उघडले. मी लंचमध्ये फोन केला.

‘२४ बिलो गेलं रे.’

म्हणजे १५ लाख २० हजार. त्या गल्लीत, घमेल्याने वाहून! मी म्हटलं, ‘दादा, हे परवडणार कसं त्याला?’

‘त्यालाच विचार. बयाणा परत आला की सटाणा रोडच्या कामाला लावतो. सोमवारी वाटपाची बैठकही आहे, नाव टाकलंय.’

मागून वहिनीचा आवाज आला, ‘बरं झालं, नाही लागलं ते!’